चुनखडीचं कडं

पवनचक्कीखाली राहायला आलो तेव्हा पहिले काही दिवस आवाजानंच झोप येईना. पातं खाली आलं की भुस्स, वर गेलं की गप्प, मग दुसरं पातं. आता उलटं झालंय. वारा पडून चक्की थांबली की मला जाग येते, आपलं काही चुकलं का म्हणून.

मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडं तळी, धानाच्या बांध्या, आणि उन्हाळ्यात झाडाचं पानही हलणार नाही अशी हवा. आठवीत शाळा सुटली. मग जो नेईल त्याच्यामागं जात राहिलो. बांधकामावर ओळख झालेल्या एका साहेबांनी मला येरमाळ्याजवळच्या या माळावर आणून वॉचमन केलं. पत्र्याची खोली दिली, पांघरूण दिलं, पगार व्हायच्या आधी पीठ-मीठ भरून दिलं. त्यांचा फोन आला की मी आजही उठून उभा राहतो.

राखायचं काय, तर कंपनीचं आवार. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, नटबोल्टांचे गंजलेले खोके आणि मधोमध काँक्रीटचा भलामोठा ओटा. चक्क्यांची पाती उतरवायला तो बांधला होता. चक्क्या उभ्या राहिल्या, क्रेन निघून गेली, ओटा तेवढा राहिला. तळहात फिरवावा असा गुळगुळीत. साहेबांचं सांगणं एकच होतं.

"आत बाहेरचं माणूस दिसता कामा नये. कुणी पडलं, लागलं, तर तू पण जाशील आणि मी पण."

"हो साहेब," मी म्हणालो. मला 'हो'शिवाय दुसरं येतंच कुठं.

माळ उतरून हायवेला गेलं की पंक्चरचं एक दुकान लागतं. तिथले भाई ही इथली माझी पहिली ओळख. डोक्यावर एवढी वीज तयार होते, पण माझ्या खोलीत तेव्हा मीटर नव्हतं, म्हणून फोन चार्ज करायला मी त्यांच्याकडं जायचो.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं तुमी?"

"भंडारा."

"आमाला अणदूरच्या खंडोबाला उधळत्यात त्यो भंडारा माहीत. गाव बी हाय व्हय?"

टायर बदलायला थांबलेला ट्रकवाला हसला, भाई हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही. मोठ्यानं हसून किती दिवस झाले होते ते तेव्हा कळलं. त्यानंतर चहा ठरलेला. शुक्रवारी घरून डबा आला की खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा अर्धा माझ्यापुढं सरकवायचे. नको म्हटलं तर म्हणायचे, "खावा की. तुमच्यामुळं मला बी कुणीतरी जेवायला सोबत हाय."

चैत्रातल्या येडाईदेवीच्या यात्रेला त्यांनीच मला पाठवलं. "येडाईच्या रानात राहताव आन् चुना वेचायला जाणार न्हाय? जावा." तिथं लोक रानातून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात आणि नेऊन ढिगावर टाकतात. एवढी माणसं एकदम खाली वाकलेली मी कधी पाहिली नव्हती. मीही वेचले, टाकले. खोलीवर येऊन पाहतो तर एक खडा खिशातच राहिलेला. माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी भाईंना विचारलं, आता काय होईल?

"काय हुतंय? देवी काय खडे मोजत बसली न्हाय. ठिवा जपून, पुढच्या चैताला टाका."

खडा फळीवर ठेवला. त्याच दिवशी भाई हात पुसत उभे राहिले, पुन्हा पुसत राहिले, आणि म्हणाले, "पाव्हणं, एक काम हुतं. न्हाय म्हणला तरी राग न्हाय."

काम त्यांच्या मुलीचं होतं. ती सातवीत. धाराशिवला एक मॅडम चाकाचे बूट घालून नाचाचं स्केटिंग शिकवायच्या, मुलगी रविवारी एसटीनं जायची. पुढं राज्याच्या स्पर्धेसाठी निवड होती. रोज सराव करायला जागा नव्हती. रस्ता खरबरीत, शाळेच्या अंगणातल्या फरशा उचकटलेल्या. "तुमच्या आवारात त्यो वटा हाय म्हणं," भाई म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

साहेबांनी पोट भरलं होतं, भाईंनी संगत दिली होती. कुणाला नाही म्हणू? शेवटी म्हणालो, "सकाळी उजाडताना या. साहेब दहाच्या आधी येत नाहीत."

पहिल्या सकाळी ती बूट घालून ओट्यावर चढली, पाय टाकला आणि जागच्या जागी थांबली. चाकं हलेनात. भाईंनी मोठ्या मायेनं प्रत्येक चाकात ट्रॉलीचं घट्ट ग्रीस कोंबलं होतं.

"अब्बा! बैलगाडी हाय का ही?"

"बेरिंगला ग्रीस लागतंच की गं."

"मॅडमनी पातळ तेल सांगितलतं. एक थेंब!"

"एका थेंबात कुठली गाडी चालती का?"

मग तिघं मिळून रॉकेलमध्ये चाकं धूत बसलो. तिच्या पहिल्या दिवसाचा सराव तेवढाच झाला. मी मात्र दिवसभर मधूनच एकटा हसत होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं गिरकी घेतली. मी बादली पालथी घालून त्यावर बसलो होतो, एक डोळा फाटकावर. हात पसरून, एक पाय मागं सोडून ती वळली आणि मग पसरलेले हात तिनं हळूच छातीशी आणले. कुणी ढकललं नाही, जोर केला नाही, पण वेग वाढला. माझ्या डोक्यावरच्या चक्कीला फिरायला सगळं आभाळ लागतं. या पोरीला स्वतःला आवळून घेणं पुरत होतं. मग तिनं पाठ मागं वाकवली, गळा आभाळाकडं, वेणी हवेत आडवी. तोंड दिसेना, नुसता एक गोल दिसत होता, आणि चाकांचा बारीक आवाज, जात्यातून पीठ सुटताना येतो तसा. शेवटी हात उघडले आणि ती उभी. धाप लागलेली, पण पाय रोवलेले. मला ते थांबणं सगळ्यात आवडलं. फिरून आलेलं माणूस असं जागेवर उभं राहिलेलं मी फार कमी पाहिलंय.

"हाडं हायती का ट्यूब?" भाई म्हणाले.

फोनवर तिनं मला बर्फावर फिरणारी एक बाई दाखवली. पाठीमागून पाय वर घेऊन, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून फिरणारी. पाण्याच्या थेंबासारखी दिसत होती. "त्या बर्फावर करत्यात, मी सिमिटावर. मला ही एवढी एक यायला पायजे, मामा. मग निवड हुती." रोज फाटकाच्या आडव्या गजावर पाय टाकून ती पाठ ताणायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण पाय खाली घ्यायची नाही. मला बघवायचं नाही, म्हणून मी ओटा झाडायला घ्यायचो. वाऱ्यानं मुरमाची कच यायची आणि एक कण चाकाखाली आला तरी ती उडून पडायची.

पण तिचं अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. ती म्हणायची, गिरकी एकाच जागी झाली पाहिजे, सरकली तर गुण जातात. आणि फिरताना तिला स्वतःला कळायचं नाही, आपण सरकतो की नाही. मला फळीवरचा खडा आठवला. आणू की नको, असं बराच वेळ झालं. शेवटी मनात देवीची माफी मागून आणला, आणि ओट्यावर ताटाएवढं पांढरं कडं ओढलं. "यात सुरू कर. कुठं थांबतेस ते मी सांगतो."

ती कड्यात सुरू व्हायची आणि बाहेर थांबायची. दरवेळी एकाच अंगाला, उगवतीकडं.

"मामा, वारं ढकलतंय मला!"

"मग वाऱ्याला काय सांगू?"

"सांगू नका. मीच बघते त्याला."

ती वाऱ्यावर रेलून फिरायला शिकली. किंचित मावळतीकडं झुकून, जसं आपण गर्दीत खांदा देऊन उभं राहतो. हळूहळू कड्यात थांबायला लागली. मी टाळी वाजवायचो आणि लगेच फाटकाकडं बघायचो.

एक दिवस फाटकाशी खरोखरच साहेब उभे होते. रात्री एक चक्की बंद पडली होती म्हणून लवकर आलेले. पोरगी गिरकीत, तिला थांबवता येईना. साहेबांनी गिरकी संपेपर्यंत वाट पाहिली.

"कोण ही?"

"पंक्चरवाल्या भाईंची मुलगी, साहेब. मीच येऊ दिलं."

"पडली तर?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पडते की साहेब. रोज पडते."

धरणी दुभंगली असती तर मी त्यात सामानासकट गेलो असतो. साहेबांनी ओट्याकडं पाहिलं, कड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझा झाडू अजून हातात होता.

"पुढच्या महिन्यात इथं कॅमेरे बसणारेत. मग माझ्या हातात काही नाही. त्याच्या आत काय ते उरका. आणि पोरीच्या डोक्यावर हेल्मेट घाल."

कंपनीचं पिवळं हेल्मेट तिनं साहेबांची गाडी वळणाआड जाईपर्यंत घातलं. "ह्यात मान मागं जात न्हाय," म्हणून काढून बादलीवर ठेवलं. संध्याकाळी आईचा फोन आला. "जेवलास का रे बाबू?" जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो.

शेवटच्या सकाळी तिला ती गिरकी आली. पाय मागून वर गेला, दोन्ही हातांनी तिनं तो डोक्यावर धरला आणि ती फिरली. बूट जड, पोरगी काटकुळी, वारा भरात. आणि कड्याच्या बाहेर चाक गेलं नाही. मी टाळी वाजवली नाही. वाजवली तर मोडेल असं वाटलं.

निवडीच्या दिवशी मी दुकानाशी जाऊन बसलो. फोनकडं बघत राहिलो, वाजला नाही. संध्याकाळी एसटीतून दोघं उतरली. भाईंनी मला बघताच हात वर केले.

"पाव्हणं, तिथं वारंच न्हवतं!"

बंद हॉल होता. खिडक्या लावलेल्या. पोरगी सवयीप्रमाणं मावळतीकडं रेलली, आणि तिकडून तिला ढकलायला कुणीच नव्हतं. पहिली गिरकी सरकत सरकत पंचांच्या टेबलापर्यंत गेली. "एका सरांनी पाण्याची बाटली उचलून धरली," भाई सांगत होते आणि हसू की रडू हे त्यांचं ठरत नव्हतं. मला वाटलं, संपलं. मीच ते कडं ओढलं होतं.

"मग?"

मुलगी बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. "मग दुसऱ्या गिरकीच्या आधी मी जरा उभी राह्यले, मामा. वारं हाय का बघितलं. न्हवतं. मग सरळ राह्यले."

"आली?"

"आली."

निवड झाली होती. भाईंनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत बाकीचंही कळलं. मॅडम म्हणाल्या होत्या, आता हिला बंद हॉलमध्येच तयार करायला हवं, माळावर पुन्हा नेलं तर अंगातला वारा निघायचा नाही. धाराशिवला तिची खाला, म्हणजे मावशी, राहते. ती तिकडं राहणार, शाळाही तिकडंच.

"बरं झालं," मी म्हणालो. खरंच बरं झालं होतं. चहा संपेना मात्र.

जायच्या आधी ती अब्बांबरोबर फाटकाशी येऊन गेली. तोवर कॅमेरा बसला होता. मी आत, ती बाहेर. मी एकदा कॅमेऱ्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. ती म्हणाली, "वटा झाडत जावा हं मामा," आणि हसली. गंमतच केली होती तिनं.

मी झाडतो. सकाळी उजाडताना, कच आलेली असतेच. अधूनमधून भाई फोनवर एखादी गिरकी दाखवतात, चकचकीत फरशीवरची. मी तिचा चेहरा बघत नाही, पाय बघतो. सरकत नाहीत.

परवा साहेबांचा फोन आला. मी उठून उभा राहिलो.

"तू रोज तो ओटा झाडतोस?"

"हो साहेब."

"येतं का कुणी?"

"कुणी नाही साहेब."

"आणि ते पांढरं गोल काय? कॅमेऱ्यात दिसतंय."

"पोरगी फिरायची ना साहेब. तिथून सरकू नये म्हणून."

फोनमध्ये पलीकडचा वारा ऐकू येत होता. तेही कुठल्या तरी माळावरच असणार.

"बरं. झाडताना हेल्मेट घालत जा. वरचे लोक पण बघतात."

तेव्हापासून हेल्मेट घालून झाडतो. कडं पुसट झालंय. खडा झिजून चिंचोक्याएवढा उरलाय, तो चैत्रात ढिगावर टाकायचाय, म्हणून पुन्हा ओढत नाही. झाडू तेवढा कड्याला न लावता कडेकडेनं नेतो.