बरबटीचा बैल

आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल एकच होता, आणि तो दादाचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातली पोरं आपापले बैल सजवून मिरवतात, घरोघरी त्यांना खाऊचा बोजारा मिळतो. दादा मला बैलाच्या शेपटीलाही हात लावू देत नसे. "तू मागून ढकल," म्हणायचा. मी काय ढकलायलाच जन्मले होते?

त्या वर्षी मी बालकमंदिरात होते. पोळ्याच्या तोंडावर आमच्या बाईंनी घरून मूठ मूठ कडधान्य आणायला सांगितलं. साडीच्या खोक्याचं झाकण घ्यायचं, आत बैल काढायचा आणि मैद्याची लेई फासून दाणे चिकटवायचे. गोल दाणा घरंगळतो, चपटा मुकाट बसतो, हे शिकत शिकत मी बैलाचं अंग बरबटीने, म्हणजे चवळीने, भरलं. शिंगांना वाल, डोळ्याला काळा उडीद. बाई म्हणाल्या, "अगं बाई, हा आता हंबरतो की काय!"

माझा स्वतःचा बैल! आता मी कोणाचं ऐकते?

काटोलजवळ मामाच्या गावी मी पाहिलं होतं, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना आंघोळ घालतात, खांद्याला हळद-तूप चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण देतात. मग माझ्या बैलाने काय पाप केलं होतं? मी त्याच्यावर लोटाभर पाणी ओतलं, हळद चोळली, थंडी वाजू नये म्हणून मोरीजवळचं गोणपाट पांघरलं, तेही ओलंच. "उद्या जेवायले ये," असं सांगून झोपायला गेले. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा तुकडा गोणपाटाखाली सरकवला, तेवढंच.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गोणपाट उचललं आणि किंचाळलेच. लेई विरघळलेली, एक शिंग गळालेलं, आणि अंगभर पांढरे मोड!

दादा पोट धरून हसला. "तुझ्या बैलाले केस आले वं!"

आईने डोकावून पाहिलं. "आता याची उसळच करते."

असा संताप आला! "हात लावाल तर चावीन," मी म्हटलं आणि झाकण दोन्ही हातांवर घेऊन मिरवायला निघाले. पुढे दादाचा बैल खडखडत, मागे माझा झिपरा.

पहिलंच घर बाईंचं. त्यांनी दोन्ही बैलांना कुंकू लावलं, आम्हाला लाडू दिले आणि माझ्या बैलाकडे बघतच राहिल्या. "दाणा जिवंत असतो हे मी तुम्हाला वाटीत कापूस घालून दाखवणार होते. तू तर अख्खा बैल जिवंत केलास! पण आजच मातीत लाव हो, नाहीतर मरेल."

मला रडूच कोसळलं. मातीत घातला तर माझ्याकडे उरणार काय? जन्मात एक बैल मिळाला, तोही पुरायचा!

"काहून रडून राहिली?" दादा गोंधळला.

"लावायचा तर अख्खा. एकही दाणा उपटायचा नाही," मी बाईंना बजावलं.

बाईंनी ते मानलं. संध्याकाळी खुरपं घेऊन त्या आमच्या अंगणात आल्या. दादाने कुरकुरत माती उकरली. झाकण होतं तसंच आत ठेवलं आणि वरून माती भुरभुरवली. त्या रात्री मी जेवले नाही.

काही दिवसांनी मातीतून हिरवी टोकं आली. आधी पाठ, मग पाय, मग शेपटी. बैल होता तसाच उगवला की हो! शिंग एकच, पण ते कुंपणावर चढलं. गल्लीतली पोरं बघायला यायची आणि मी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. फार शेफारले होते मी.

दिवाळीच्या सुमारास बरबटीला लांब शेंगा लोंबायला लागल्या. एका सकाळी दादा आपला लाकडी बैल काखोटीला मारून माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"अदलाबदली करू का वं?"

मी त्याच्या बैलाकडे पाहिलं. तो पोळ्याला होता तेवढाच होता.

"नाही," मी म्हटलं. "तू पाणी घाल."