'बाहेर' या एका शब्दावर उभी कंपनी

वर्तमानपत्रात जखमींची नावं छापतात, सुखरूप असलेल्यांची छापत नाहीत. भिलाईतल्या एका हिंदी दैनिकात मी वार्ताहर होतो, तेव्हा कुठल्याही कारखान्यात अपघात झाला की आमच्या डेस्कवरचा फोन थांबत नसे. विचारणाऱ्या बहुतेक बायका असत. "भैया, हमारे आदमी का नाम तो नहीं है ना?" नाव नाही, एवढं सांगून कुणाचं समाधान व्हायचं नाही. पहिली यादी अपुरी असते हे त्यांनाही माहीत होतं.

आमच्या ऑनलाइन समूहाची कल्पना त्यातून निघाली. इथल्या बऱ्याच कारखान्यांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो फाटकावरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे शिफ्ट सुटल्यावर ज्याच्या हातात स्वतःचा फोन आला, तो माणूस फाटकापर्यंत पोचला. त्यानं आमच्या पानावर 'बाहेर' एवढाच शब्द टाकायचा, घरच्यांनी तो वाचायचा. भिलाईतल्या खुर्सीपारच्या गल्ल्यांना ही सवय आधी लागली. कुणी 'बाहेर' लिहिलं की त्याची बायको सगळ्यांदेखत खाली लिहायची, "दिसलं. घरात कधी? की चहाच्या ठेल्यावरच मुक्काम?"

मी नोकरी सोडली तेव्हा आई म्हणाली, "लोकायले बाहेर काढून राहिला, अन् सोता नोकरीच्या बाहेर झाला. काय म्हनाव तुले?"

रोज डोकावायची सवय लागली की माणसं तिथं बाकीची कामंही आणतात. क्वार्टरची अदलाबदल आली, जुन्या स्कूटर आल्या, ठेकेदारांकडची भरती आली, लग्नाची स्थळंही आली. दुसऱ्या राज्यांतल्या कारखान्यांची गावं जोडली गेली. कॅम्प-1 मधल्या भांड्यांच्या दुकानावरची एक खोली पुरेना, तेव्हा आम्ही अख्खा मजला घेतला. शेवटी शेअर बाजारात नोंदणी करायचं ठरलं. गुंतवणूकदारांसाठीच्या माहितीपत्रकात एक वाक्य ठळक होतं: 'बाहेर' ही नोंद सदस्य स्वतःच करतो. आमच्यावरचा सगळा विश्वास त्या वाक्यावर होता.

शेअरविक्रीचा इश्यू उघडण्याच्या आदल्या दिवशी दुपारी भिलाईजवळच्या रसमड्याच्या एका खासगी कारखान्यात भट्टीजवळ स्फोट झाला. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, तिथं वेल्डर होते. स्क्रीनवर 'बाहेर' भराभर येऊ लागलं. थोड्या वेळानं त्यांच्याही नावापुढे आलं. मी खुर्चीत मागे टेकलो. इश्यूचं काम पाहणारा मुंबईचा मर्चंट बँकर समोरच बसला होता. तो म्हणाला, "सर, याहून मोठी जाहिरात कुठली?"

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, ह्यायचं 'बाहेर' आलं. मंग फोन कावून नाही उचलून राहिले?"

"गर्दी असेल. लावतो मी."

मी लावला. चौथ्यांदा कुणीतरी उचलला. आवाज दाजींचा नव्हता. तो त्यांच्या लॉकरचा भागीदार होता, पळताना त्यानं दोघांचे फोन उचलले होते.

"ते कुठं आहेत?"

"भैया, आगे ही होंगे. भीड़ में दिखे नहीं. भाभी घबरा जाती, इसलिए मैंने डाल दिया."

दाजींना बाहेर येताना त्यानं पाहिलं होतं का, असं मी विचारलं. तो रडायला लागला.

मी कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला फोन केला. स्फोटानं वीज गेली होती, हजेरीची मशीन बंद होती. तो म्हणाला, "सब बाहर हैं. आप ही के पेज से मिला रहा हूँ. फायरवालों को बोल दिया, अब सिर्फ़ आग बुझाओ."

मी म्हटलं, एक नोंद खोटी आहे.

"एक झूठी है, तो बाकी का क्या भरोसा?"

दुसऱ्यासाठी कुणी कुणी लिहिलं ते फक्त लिहिणाऱ्यांना माहीत होतं, आणि त्यांना विचारायची जागा एकच होती. मी कीबोर्ड ओढला. बँकर उठून उभा राहिला.

"सर, जाहीर काही टाकू नका. मसुदा आधी वकिलांना दाखवू. उद्या इश्यू आहे. आपली मूळ नोंदच विश्वासार्ह नाही, हे तुम्ही स्वतः लिहून देताय."

"किती वेळ लागेल वकिलांना?"

"संध्याकाळपर्यंत."

"आत माणूस आहे."

"ते सुरक्षा अधिकाऱ्याला कळलंय ना? मग झालं."

"एकाचं कळलंय."

मी लिहिलं: रसमड्याच्या कारखान्यातल्या एका सदस्याची 'बाहेर' नोंद दुसऱ्यानं केली होती. तो सदस्य आत असण्याची शक्यता आहे. आज कुणी दुसऱ्यासाठी 'बाहेर' लिहिलं असेल, तर आत्ता इथं सांगा. कुणावर कारवाई होणार नाही.

मग एकानं लिहिलं, भावाचं मी टाकलं होतं, पण तो माझ्या शेजारीच उभा आहे. दुसऱ्यानं काकाचं टाकलं होतं. तिसऱ्यानं सोबत्याचं. एकमेकांसाठी लिहिणं ही फाटकावरची रीतच होती, फक्त आम्हाला ती दिसली नव्हती. माणसं गर्दीत एकमेकांना शोधू लागली. दाजी धरून तिघं सापडेनात. पानावर आलेल्या एका फोटोवरून कळलं की त्यांतला एक जखमींसोबत दवाखान्यात गेला होता. उरले दोघं.

मधे बहिणीचा पुन्हा फोन आला. "खरं सांग दादा. बाहेर हाये का नाही?"

"नाही. शोधून राहिले त्यायले."

तिनं फोन ठेवला नाही. तिच्या घरातला कुकर वाजत होता, तो मला ऐकू येत राहिला.

दोघं भट्टीखालच्या केबलच्या बोगद्यात सापडले. धूर भरल्यावर खाली उतरले होते आणि वरचं झाकण अडकलं होतं. दाजींचे दोन्ही हात भाजले होते. दुसऱ्याचा पाय पुढं कापावा लागला. तासभर उशीर झाला असता तर दोघंही राहिले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

इश्यू आम्ही मागे घेतला. बँकर जाताना म्हणाला, "तुमची कंपनी तुम्हीच पाडलीत." पुढच्या वर्षी आम्ही बाजारात दुसऱ्यांदा गेलो. नव्या माहितीपत्रकात ठळक वाक्य नव्हतं. जोखमींच्या पानावर पहिलीच ओळ होती: सदस्य काळजीपोटी एकमेकांची नोंद करतात, त्यामुळे 'बाहेर' हा पुरावा मानू नये. या खेपेला शेअरला भाव कमी लागला, पण नोंदणी झाली.

त्या दिवशी मी मुंबईला होतो, आणि हात बरे झालेले दाजी पुन्हा कामावर जात होते. शेअर बाजाराची घंटा वाजवून झाली, फोटो निघत होते. खिशातला फोन थरथरला.

"दादा, हे बाहेर आले."

"पाहिलं. पानावर आलंय."

"पानाचं मले नको सांगू," बहीण म्हणाली. "आवाज आयकला म्या त्यायचा."