चढावरची बस

टेकडीचा चढ आला की आमची सिटी बस धापा टाकायची, म्हणून आम्ही धडधाकट प्रवासी आपणहून उतरून चालत वर जायचो. आजही उतरलोच. कंडक्टरबाई ओरडल्या, "अहो, उतरताय काय? नवं इंजिन बसवलंय!" पण तोवर बस निघालीसुद्धा. आणि काय सुसाट गेली! तोच चेपलेला पत्रा, पण खडखड नाही, धूर नाही. आम्ही भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. आपल्या माणसाचं दुखणं आपल्याही अंगवळणी पडतं. ते बरं झालं तरी पाय जुनीच वाट धरतात. वर बस आमच्यासाठी थांबली होती. धापा आता आम्ही टाकत होतो. चढून बसलो आणि लक्षात आलं, हा चढ बसच्या खिडकीतून कसा दिसतो, ते मी कधी पाहिलेलंच नाही. उद्या खिडकी माझी!