अरुंधती दिसली म्हणून

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे अंधश्रद्धेवर कुणी बोलायला सांगितलं नाही तरी मी बोलते. आईशी तर जरा जास्तच बोलले.

आमचं गाव नांदूरघाटाजवळ. आईबाप दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक जण मागं राहिला की कोयता मोडला. ट्रॅक्टर पहाटेच यायचा. भांडीकुंडी, ज्वारीचं पोतं, शेळी असं सगळं ट्रॉलीत चढलं की बायका परसात जाऊन ईशान्येला सप्तर्षी बघायच्या. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून बारीकशी अरुंधती. अरुंधती दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातो, असं म्हणतात. तोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. म्हणून निघताना ती दिसली की माणूस जिवंत परत येणार, हा आमच्या बायकांचा हिशोब. आई वर बघायची, "हाय बाई जाग्यावर," म्हणायची आणि ट्रॉलीत चढायची.

मला नोकरी लागल्यावरही ते थांबले नाहीत. नका जाऊ म्हटलं की बाप म्हणायचा, "हातपाय चालत्यात तवर तुज्या दारात काऊन बसावं?"

एका वर्षी आई परसातून लवकर आलीच नाही. मी बघायला गेले, तर मान वर करून उभी होती आणि पदरानं पुन्हा पुन्हा डोळे पुसत होती.

"वसिष्ठ हाय, पर ती दिसंना," ती म्हणाली.

मला हसू आलं.

"काऊन हसायलीस? मी न्हाई जात. तिकडंच मेले तर तुला माजं तोंड बी दिसायचं न्हाई."

बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. बाप ट्रॉलीत बसून चिडला होता. आईचे डोळे एकदा तपासावेत, हे इतकं शिकलेल्या माझ्या डोक्यात आलं नाही. मला तिची भीती घालवायची होती, आणि खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं.

शाळेतल्या पोरांना चंद्र दाखवायला घेतलेली छोटी दुर्बीण घरातच होती. ती परसात मांडली, घाईत सगळ्यांत मोठं दाखवणारं भिंग लावलं आणि वसिष्ठावर धरली. नुसत्या डोळ्यांना वसिष्ठ एकच दिसतो, पण साध्या दुर्बिणीतही त्याचे दोन होतात, एक ठळक आणि शेजारी एक मंद. दुर्बिणीत अरुंधती त्या दोघांपासून बरीच लांब दिसते. त्या भिंगात ती मावलीच नव्हती.

आईनं डोळा लावला. बराच वेळ तिला काही सापडेना. मग म्हणाली, "एक मोटी, एक बारकी. हाय की गं."

ही अरुंधती नव्हे, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बघ, उगं भ्यायलीस." ती माझ्या गालावरून हात फिरवून ट्रॉलीत जाऊन बसली.

संक्रांतीच्या सुमारास फोनवर म्हणाली की डोळ्यांपुढं काळी चिलटं उडायलीत, उसाच्या पाचटाची धूळ गेली असंल. मी गार पाण्यानं डोळे धुवायला सांगितलं. पुढं एकदा बापाचा फोन आला, तिनं उसाऐवजी स्वतःच्या बोटावर कोयता मारला होता. हंगाम उरकून दोघं परत आले तेव्हा ती बापाच्या खांद्याला धरून ट्रॉलीतून उतरली आणि मी समोर उभी असताना म्हणाली, "लेक कुटंय?"

बीडच्या डॉक्टरांनी तपासलं. साखरेचा आजार जुना होता, कुणाला कळला नव्हता, त्यानं डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. आता उजेड-अंधार तेवढा कळेल, म्हणाले. "सहा महिने आधी आणलं असतं, तर बरीच नजर वाचली असती. आधी काही जाणवलं नव्हतं का यांना?"

मी नाही म्हणाले. बाप भिंतीला टेकून खाली बसला.

आता बाप जात नाही. पण दिवाळीनंतर गावातल्या बायका निघायच्या आधी आईचा निरोप घ्यायला येतात. आई त्यांना अंदाजानं ईशान्येकडं हात करून दाखवते. यंदाही तिनं सगळ्यांना सांगितलं, "माजे डोळे जायच्या आदी माज्या लेकीनं दुर्बिणीतून अरुंधती दावली, म्हून मी जित्ती माघारी आले." बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या.

त्या पहाटे तिला अरुंधती दिसलीच नव्हती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.