तपकिरीचा डावा पाय

बुटांच्या दुकानात चौतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना नंबरकाका म्हणत. समोरून येणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी काका त्याच्या पायांकडे बघत आणि मनात आकडा मांडत. टपाल वाटणारी बाई सहा नंबर, पंजा रुंद. कोपऱ्यावरचा न्हावी नऊ नंबर, उजवी टाच बाहेरून झिजवणारा. बायकोचा धाकटा भाऊ आठ नंबर, आणि काकांच्या मते त्याच्या अकलेचा नंबर त्याहून बराच खाली.

हा मेहुणा गुरुवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन काकांच्या घरामागच्या अंगणात आला. सहा कोंबड्यांपैकी तपकिरी तेवढी डावा पाय उचलून उचलून चालत होती. मेहुण्याने दहा पावलांवरूनच निकाल देऊन टाकला.

"ताई, ही गेली म्हणून समज. पायांचा रोग आहे. आज एक पाय, आठ दिवसांत दुसरा, आणि मग बाकीच्या पाचजणी ओळीने बसतील. रविवारी सुरी घेऊन येतो. दुपारचं जेवणही होईल."

मेहुण्याने कधीकाळी दोन वर्षं कोंबड्यांच्या खाद्याच्या गोण्या विकल्या होत्या. तेव्हापासून या घरात कोंबडीविषयी त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

"रोग आहे म्हणतोस आणि जेवणही म्हणतोस," काका म्हणाले.

"शिजवल्यावर कसला रोग, भाऊजी?"

"पाय उचलून बघितलास तिचा?"

"त्यात बघायचं काय? लंगडतेय, दिसतंय की."

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. हेच शब्द त्यांनी आठ महिन्यांपूर्वी ऐकले होते. दुकानात गिऱ्हाइकासमोर उतरत्या फळीचं बुटकं स्टूल घेऊन बसायचं, त्याचा पाय मांडीवर घ्यायचा, माप काढायचं, बूट चढवायचा आणि उठायचं. दिवसातून शंभर वेळा तरी. शेवटच्या वर्षी उठताना डावा गुडघा कुरकुर करू लागला. जुने मालक असते तर त्यांनी समोर बसवून विचारलं असतं, कुठे दुखतं, कधी दुखतं. पण आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसत होता. तो तिथूनच म्हणाला, "काका, लंगडताय, दिसतंय की. आता घरी आराम करा." एवढ्यावर चौतीस वर्षं आटोपली. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते अजून डब्यातून बाहेर काढलेलं नव्हतं. काकांनी स्वतः मागून घेतली ती फक्त माल यायची जाड पुठ्ठ्याची रिकामी खोकी. निम्म्यात कापून, त्यात भुसा घालून त्यांनी कोंबड्यांना अंडी घालायला सहा घरटी केली होती. हे आपलं काम त्यांना फार नेटकं वाटे.

मेहुणा गेल्यावर त्यांनी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला.

"कोंबड्या किती?" पलीकडच्याने विचारलं.

"सहा."

"मेल्या किती?"

"एकही नाही. एक लंगडतेय."

"एकीसाठी फोन करताय? कापून टाका की."

"डॉक्टर पाय बघतील का?"

"डॉक्टर मोठी जनावरं बघतात." फोन बंद झाला.

काका फोनकडे बघतच राहिले. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बायकोला पुढची पंधरा मिनिटं ऐकवलं. न बघता बोलणारे दवाखानेवाले, न बघता बोलणारे गोणीवाले, गल्ल्यावर बसून गुडघे ओळखणारे शहाणे. सगळ्यांना हात झटकायची घाई, पण खाली वाकायला कुणी तयार नाही.

बायको शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"अहो, तुमच्या गुडघ्याचा राग माझ्या भावावर काढू नका."

"गुडघ्याचा काय संबंध?"

"तेच म्हणतेय मी. तो म्हणतो ते खरं असलं तर मला बाकीच्या पाच वाचवायच्यात. रविवारी तो येईपर्यंत कारण सापडलं तर ठेवा तुमची तपकिरी. नाही सापडलं तर मग मी तुमचं ऐकणार नाही, सांगून ठेवते."

बायकोचं म्हणणं सरळ होतं, आणि त्याचाच काकांना जास्त राग आला.

शुक्रवारी त्यांनी तपकिरीला धरलं. गुडघा जमिनीला टेकवता येत नव्हता म्हणून पाटावर बसले आणि तिला मांडीवर आडवी घेतली. आधी उजवा पाय चाचपला, मग डावा. दुकानाची पद्धत तीच होती, दुखरा पाय नेहमी दुसरा. मांडी सारखी, सांधा सारखा, सूज नाही, हाताला गरम लागत नाही. तुरा लालभडक. दाणे टाकले तर पाचजणींना ढकलून पुढे येत होती. रोग्याची ही लक्षणं नव्हेत, असं काकांचं मन सांगत होतं, पण मनाच्या सांगण्यावर मेहुणा सुरी परत नेणार नव्हता. पंजाला अंगणातला चिखल वाळून चिकटला होता. तिथे हात लावताच तपकिरीने अंगठ्याला अशी चोच मारली की काकांनी तिला सोडून दिलं.

"बघून झालं?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"हो. पाय आहे असं दिसतंय," काका अंगठा चोखत म्हणाले.

शनिवारी सकाळी चपला घालताना त्यांना जुन्या मालकांची आठवण झाली. पायाची तक्रार घेऊन कुणी आलं की मालक आधी जुना बूट मागत आणि त्याचा झिजलेला तळ बघत. माणूस चुकीचं सांगेल, तळ कधी चुकीचं सांगत नाही, असं ते म्हणायचे. आता कोंबडीचा जुना बूट कुठून आणायचा? काका तसेच आत गेले आणि बायकोच्या टेबलावरचा पावडरचा डबा घेऊन बाहेर आले.

"अहो, ती माझी पावडर आहे."

"माहीत आहे."

"मला वर्षातून एकदा आणता आणि कोंबडीला पोतंभर?"

"तू पण ये. डोळे चांगले आहेत तुझे."

मागच्या पडवीची जमीन गुळगुळीत, गडद लाल होती. काकांनी दोन फळ्या उभ्या लावून मध्ये एक चिंचोळी वाट केली, तिच्यात पावडर भुरभुरली आणि टोकाला मूठभर दाणे टाकले. तपकिरीला अलीकडे सोडलं. ती दोनदा शिंकली, मग दाण्यांच्या दिशेने लंगडत निघून गेली. मागे पांढऱ्यावर लाल ठसे उमटले.

काका पोटावर आडवे झाले. वाकता येत नसेल तर माणसाने आडवं व्हावं.

"हा उजवा," ते म्हणाले. "पुढची तीन बोटं, मागचं एक, मध्ये तळवा. सगळं जागच्या जागी. आता डावा बघ."

बायको पदर खोचून शेजारी उकिडवी बसली होती. पावडरचं दुःख ती विसरली होती. "याच्यात बोटांची टोकं तेवढी आहेत. मध्ये काहीच नाही उमटलं."

"ओरखडा दिसतो कुठे? बोट फरफटल्याची रेघ?"

तिने पहिल्या ठशापासून शेवटच्यापर्यंत नजर फिरवली. "नाही. एकही नाही."

"मग पाय लुळा नाही. लुळा पाय फरफटतो. ही पाय नीट उचलतेय, नीट टाकतेय, फक्त तळवा टेकवत नाही. रोगबिग काही नाही. तिला तिथे काहीतरी बोचतंय." ते तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "आणि हा गोणीवाला म्हणे दिसतंय की."

त्यांनी कोमट पाण्यात मीठ घातलं. बायकोने तपकिरीला टॉवेलात गुंडाळून काखेत धरलं आणि चोच हाताने झाकली. डावा पंजा पाण्यात चांगला भिजू दिल्यावर चिखल सुटला. तळव्याच्या मधोमध, फुगलेल्या कातडीत, मोहरीएवढा काळा ठिपका होता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, बायकोचा भुवया कोरायचा चिमटा घेतला आणि ठिपका धरून सरळ ओढला.

"निघालं?" बायकोने तोंड फिरवूनच विचारलं.

"निघालं. कपाटातलं मलम आण."

ती आत गेली. काकांनी चिमटा उजेडात धरला. तांब्याच्या रंगाची, रुंद, एक टोक वाकलेली पिन. ती ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. चौतीस वर्षं माल उतरवताना याच पिनांनी त्यांची बोटं फोडली होती. खोक्यांच्या तळाला असत त्या. पेठेतल्या कुठल्याच दुसऱ्या वस्तूला असली पिन नसते.

बायको मलम घेऊन आली तेव्हा पिन त्यांच्या खिशात होती.

"काय होतं?"

"टोचलं होतं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"म्हणजे काहीतरी."

मलम लावून, पट्टी बांधून झाली. तपकिरी पट्टीकडे बघत कोपऱ्यात उभी राहिली. काकांनी मात्र दिवसभर धुसफूस केली. खोकी बांधणाऱ्या कारखान्याला पिनांची टोकं नीट दाबता येऊ नयेत? मालकाच्या मुलाला खोकी देताना तोंडाने सांगता येऊ नये? या कोंबडीला इतकं मोठं अंगण सोडून घरट्याचा तळ उकरायची काय खोड? एकेकाला धरून बघितलं, पण राग कुठेच बसेना.

कारण एक गोष्ट मधे येत होती. दुकानात लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा एक आई शाळकरी मुलीला घेऊन आली होती. नवा बूट टोचतोय, म्हणाली. काकांनी काउंटरमागूनच सांगितलं, नवा आहे, सवय होईल. तिसऱ्या दिवशी ती मुलगी मोजा हातात घेऊन आली. टाचेकडे मोजा रक्ताने कडक झाला होता. जुने मालक रागावले नाहीत. त्यांनी काकांचा हात धरून त्या बुटात घातला आणि आतल्या खिळ्यापर्यंत नेला. "नजरेने नाही," ते म्हणाले, "बोटाने बघायचं." त्यानंतर काकांनी आत बोट फिरवल्याशिवाय एकही बूट कुणाच्या पायात चढवला नव्हता. आणि घरट्यांच्या वेळी? भुसा घातला, लांब उभं राहून बघितलं, आणि नेटकं दिसतंय म्हणून हात पुसले.

रविवारी मेहुणा आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी होती. तपकिरी अंगणात पट्टी मिरवत दाणे टिपत होती. अजून लंगडत होती, पण पाय आता पुरता टेकवत होती.

"हे काय सोंग?" मेहुणा म्हणाला.

"रोग नव्हता. पायात काहीतरी होतं, यांनी काढलं," बायको म्हणाली. तिच्या आवाजात नवऱ्याचं कौतुक होतं, आणि ते काकांना त्या पिनेसारखंच बोचलं.

"काटा असेल," मेहुणा म्हणाला. "बाकीच्या तरी धड आहेत ना?"

तेवढ्यात पांढरी कोंबडी टुणकन उडी मारून पहिल्या घरट्यात शिरली आणि दोन्ही पायांनी भुसा उकरू लागली. काका तिच्याकडे बघत राहिले. मग पुढे होऊन त्यांनी तिला उचललं, खाली ठेवलं आणि खिशातली पिन मेहुण्याच्या हातावर ठेवली.

"काटा नव्हे. ही होती. माझ्या खोक्यातली आहे."

बायकोने पिन बघितली, मग खोक्यांची रांग बघितली. "म्हणजे चार दिवस तुम्ही घर डोक्यावर घेतलंत, माझ्या भावाला बोललात, दवाखान्याला बोललात, आणि केलं होतं तुम्हीच."

"हो. मीच."

"मग एवढा आवाज कशाचा होता?"

"न बघता बोलण्याचा," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा चढला. "तो आवाज मी आजही करीन. तपकिरीचा पाय तुम्ही कुणी बघितला नाहीत. खोकी मी बघितली नाहीत. मला काय बोलायचं ते बोल, पण म्हणून हा बरोबर ठरत नाही."

मेहुण्याने सुरी पायरीवर ठेवली. काकांनी सहाही घरट्यांतला भुसा ओतून काढला, आतून पक्कड आणली, तीन खोकी स्वतःपुढे घेतली आणि तीन त्याच्याकडे सरकवली.

"बस. तळ तपासून दे."

मेहुण्याने एक खोकं उचललं आणि उजेडात तिरकं धरलं. "काही नाही यात. साफ आहे."

"नजरेने नाही. बोट फिरव."

"लहान पोरासारखं काय सांगता, भाऊजी?"

"फिरव."

त्याने सुस्कारा टाकला आणि हात आत घातला. काका आपल्या खोक्यावर वाकले होते. पक्कडीचा कट्ट आवाज आला आणि एक पिन वाटीत पडली. दुसरा आवाज यायच्या आत मेहुण्याने झटकन हात बाहेर काढला आणि बोट तोंडात घातलं.

"सापडली," तो म्हणाला.