झुलेखाची मापं

काळेवाडीत कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की एके काळी लोक एकच सांगायचे, "उचल आणि फारूकभाईकडे नेऊन टाक." फारूक अत्तार हा बोटांत जादू असलेला माणूस. पंचवीस वर्षं हातात पेचकस. त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच शेजारच्या स्टुलावर बसून मोईजने सहा वर्षं काम केलं, आणि मग रावेतला स्वतःचं दुकान काढलं. काचेचा दरवाजा, एसी, गिऱ्हाइकाला बसायला सोफा.

"पोरगं पुढे गेलं, आपल्याला आनंदच आहे," असं फारूकभाई चारचौघांत म्हणायचे. पण एकदा नातेवाइकाकडे जायचं निमित्त काढून ते त्या दुकानावरून तीनदा गेले. तिन्ही वेळा सोफा भरलेला होता. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. "मोईजभाईंनी सलाम सांगितलाय," असं कुणी येऊन म्हणालं की त्यांचा अख्खा दिवस नासायचा. ईदला मोईज स्वतः शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचा, तेव्हा फारूकभाई दोन चमचे खायचे आणि म्हणायचे, "गोड जास्त झालंय."

अशा माणसाच्या घरचाच कॉम्प्युटर एका सकाळी बंद पडला.

"अब्बा, उठतच नाहीये हा," रुबीना आतून ओरडली. पंखा फिरत होता, पडदा काळा, वर इंग्रजीत एक पांढरी ओळ. डिस्कमधून टक टक असा आवाज येत होता. फारूकभाईंनी तो आवाज ओळखला. डिस्क मरायला टेकली होती.

त्या डिस्कमध्ये झुलेखा होती. फारूकभाईंची बायको, चार वर्षांपूर्वी गेलेली. ती घरीच गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायची. टेम्पो, रिक्षा, कंपनीच्या बसगाड्या. चाकणपासून लोक यायचे. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून दारात लागलेल्या गाडीत शिरून मापाची टेप लावायची आणि मापं मोबाइलमध्ये बोलून ठेवायची. दर महिन्याला फारूकभाई ती सगळी रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचे. आता शिलाई मशीन रुबीना चालवत होती. जुन्या गाडीचं काम आलं की ती आईला ऐकायची आणि कापड कापायची. कधी कधी काम नसतानाही ऐकायची.

फारूकभाईंनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली. केबल बदलली. डिस्क दिसायची, फोल्डर दिसायचे, मधेच सगळं गायब. अशा वेळी काय करायचं, हे त्यांनी शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं: आधी डिस्कची पूर्ण नक्कल काढायची आणि जे काय करायचं ते नकलेवर करायचं. पण स्वतःच्या घरचं म्हटल्यावर त्यांना दम निघेना. त्यांनी सरळ त्याच डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावला. चाळीस टक्क्यांवर तो अडकला. परत चालू केलं तर डिस्क रिकामी.

"गेली," ते म्हणाले. "आता कुणाच्या बापाकडून यातलं काही निघायचं नाही."

रुबीना शिलाई मशीनवरून उठून आली. "मोईजभाईंना दाखवू का?"

"खबरदार! माझ्या घरातली वस्तू त्याच्या दारात जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी फारूकभाई दुकानातून जेवायला आले, तर टेबलावर डिस्क नव्हती. रुबीनाची स्कूटरही नव्हती. ते मुलीशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा रावेतहून फोन आला, "अब्बा, मोईजभाई म्हणतात एकदा येऊन जा. त्यांना काही विचारायचंय."

विचारायचंय, हा शब्द त्यांना बरा वाटला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेले.

मोईज उठून उभा राहिला. "या उस्ताद," म्हणत त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली. सोफ्यावरची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. फारूकभाईंना वाटलं, याने उर्मटपणा तरी करावा. निदान चिडता आलं असतं.

"उस्ताद, या डिस्कवर आधी काही चालवलं होतं का?" मोईजने हळूच विचारलं.

रुबीना शेजारीच उभी होती. "नाही," फारूकभाई म्हणाले.

मोईजने पडद्याकडे पाहिलं. दुरुस्तीच्या खुणा तिथे स्पष्ट होत्या, फारूकभाईंनाही दिसत होत्या. "मग लाइटचा झटका बसला असेल," मोईज म्हणाला आणि विषय संपवला.

आपल्याला याने वाचवलं, हे फारूकभाईंना आरपार बोचलं.

मोईजने नक्कल काढूनच काम केलं होतं. अकरा हजार फोटो परत आले होते. फाइलींची नावं पुसली गेली होती, फक्त आकडे उरले होते, पण फोटो शाबूत. लग्नाचे, रुबीनाच्या शाळेचे, मशीनवर वाकलेल्या झुलेखाचे. फारूकभाई बघत राहिले आणि मनातल्या मनात म्हणाले, हे मला जमायला हवं होतं.

"पण आवाजाची एकही फाइल नाही," मोईजने मान खाली घातली. "तीनदा चाळली. माझ्याकडून नाही झालं, उस्ताद."

आणि फारूकभाईंना आनंद झाला. खराखुरा, पोटातून आलेला आनंद. नाही झालं याच्याकडून! एवढी काच, एवढा एसी, आणि नाही झालं. तो आनंद क्षणभरच टिकला. मग त्यांना रुबीनाचा चेहरा दिसला, आणि आपण कशाचा आनंद मानतोय ते त्यांच्या ध्यानात आलं.

चहा आला. चहा पिता पिता त्यांनी मोईजच्या पडद्यावरची, प्रोग्रॅमला शोधायला सांगितलेल्या फाइलींच्या प्रकारांची यादी वाचली. फोटोंचे सगळे प्रकार, व्हिडिओचे, आवाजाचे दोन-तीन. त्यातली चूक त्यांना लगेच दिसली. झुलेखाचा मोबाइल जुना, बटणांचा. त्यातलं रेकॉर्डिंग एएमआर नावाच्या प्रकारात व्हायचं. आता ते कुणी वापरत नाही, म्हणून मोईजने शोधायला सांगितलंच नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर मोईजची फजिती मिटली असती. त्यांनी तोंड उघडलं नाही. एक घोट, दुसरा घोट. पूर्ण कप संपेपर्यंत ते गप्प बसले. त्या कपाची लाज त्यांना पुढे कायम वाटत राहिली.

मग रुबीना म्हणाली, "जाऊ द्या मोईजभाई. फोटो तरी मिळाले," आणि तिचा आवाज फाटला.

"एएमआर लाव," फारूकभाई म्हणाले.

"काय?"

"एएमआर. तिच्या मोबाइलचा प्रकार. यादीत खाली असेल बघ, खूण कर."

मोईजने कपाळावर हात मारला. "या अल्ला! माझ्या डोक्यातच नाही आलं."

दुपारी दीडच्या सुमाराला पहिली फाइल निघाली, मग दुसरी, मग धबाधबा चारशेवर. मोईजने मधलीच एक लावली.

"जयसिंगची व्हॅन. पाठ एकवीस, बूड साडेअठरा. डोक्याची उशी वेगळी. काळं रेक्झिन, लाल पट्टी... अजी, दूध उतू जा रहा, देखो जरा!"

सोफ्यावरचं एक गिऱ्हाईक उगाच मोबाइल खिशात घालून परत काढू लागलं. फारूकभाईंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

"मोईजभाई, तुमचे उपकार कधी विसरणार नाही," रुबीना म्हणाली. तशा अवस्थेतही फारूकभाईंच्या मनात आलं, आधी त्याचेच मानले!

"माझे कसले? उस्तादांनी सांगितलं म्हणून निघालं," मोईज म्हणाला. त्याने तरी असं बोलायला नको होतं.

परतताना ते मुलीच्या मागे स्कूटरवर बसले होते. काळेवाडीचा पूल आल्यावर म्हणाले, "रुबीना, त्या डिस्कवर दुरुस्ती मीच लावली होती. मोईजशी खोटं बोललो."

"माहितीये मला. तुम्ही लावलीत तेव्हा मी मशीनवरच बसले होते."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधीच इतकं तोंड पाडून बसला होतात, अब्बा."

पुढे काळेवाडीत फारूकभाईंनी ही हकीकत कितीतरी जणांना सांगितली. सांगताना म्हणायचे, "मी आणि मोईजने काढलं." हळूहळू त्यातला मोईज बारीक होत गेला. एका शुक्रवारी नमाजनंतर मशिदीबाहेर ते असंच कुणाला तरी रंगवून सांगत होते, आणि मागे मोईज उभा होता. त्याने सगळं ऐकलं, हसला, आणि त्या माणसाला म्हणाला, "खरंय. उस्ताद नसते तर काही निघालं नसतं."

त्याने खोडून काढायला हवं होतं. खोडून काढलं नाही, याचंच फारूकभाईंना कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं.