तापलेलं इंजिन आणि नवरीचा मामा

त्या जीपवाल्याचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याचा नाच अजून डोळ्यांपुढं आहे. वाशीला लग्नाला निघालो आणि भर उन्हात चढावर जीपनं वाफा सोडल्या. नवरीचा मामा बर्फाच्या पाण्याचा जार घेऊन इंजिनाकडं धावला. जीपवाल्यानं त्याला कमरेला मिठीच मारली.

"मामा, तापल्या लोखंडावर गार पाणी वतलं तर इंजनाचं हेड तडकंल की! निवू द्या."

"अन् मुहूर्त?" मामा कळवळला.

जीपवाल्यानं गाणं मोठ्यानं लावलं, गमछा गरगरा फिरवला आणि डांबरावरच नाचू लागला. मग आम्ही सगळेच नाचलो, मामा तर बेभान. मी घड्याळ दाखवलं, तसा जीपवाला गिरकी घेत म्हणाला,

"नवरीमागं उभा ऱ्हायचा मामाच हितं नाचतोय. मुहूर्त जातोय कुठं?"